तेराव्या ओळीवर बोट ठेव

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

दोन प्रेम-सुनीतांच्या (सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता) तुलनेवरचा तुझा निबंध वाचला. शेवटी तू विचारलं आहेस, ‘शेक्सपिअर आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग, दोघंही प्रेम अमर असतं असंच म्हणतात, मग तुलना करायची कशाची?’ तुझा गोंधळ खरा आहे, म्हणूनच लगेच लिहायला बसले. एलिझाबेथचं लंडनमधलं विम्पोल स्ट्रीटवरचं घर, तिचे करडे वडील, १८४६ च्या सप्टेंबरात चोरून केलेलं लग्न, इटलीचा प्रवास, सोबत नेलेला फ्लश कुत्रा, हे सगळं तू छान लिहिलं आहेस. शेक्सपिअरच्या सुनीतांतला तो तरुण मित्र कोण असावा, यावरही पानभर आहे. पण ओळी कुठे आहेत?

ओळीवर बोट ठेव. बाकी सगळं नंतर.

शेक्सपिअरचं ११६ वं सुनीत घे आणि त्यात ‘तू’ शोध. सापडणार नाही. चौदा ओळींत तो समोरच्याला एकदाही हाक मारत नाही. ‘मी’सुद्धा पहिल्या ओळीत डोकावतो आणि थेट शेवटच्या दोन ओळींत परततो. मधे नुसतं प्रेम, आणि तेही बरंचसं नकारांतून सांगितलेलं. बदल दिसताच बदलतं ते प्रेम नव्हे; वादळाकडे पाहूनही ते हलत नाही; काळाच्या तालावर ते नाचत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न लावताना पाद्री विचारतो, कुणाला काही हरकत ठाऊक आहे का? त्याच विधीतला ‘इम्पेडिमेंट’, म्हणजे हरकत, हा शब्द शेक्सपिअरने पहिल्या वाक्यात उचलला आहे. भरल्या चर्चमध्ये उभं राहून कुणी साक्ष द्यावी, तसा हा आवाज आहे.

आता १८५० साली छापलेलं एलिझाबेथचं ४३ वं. ‘तू’ पहिल्याच ओळीत. ‘आय लव्ह दी’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे) आठ वेळा येतं आणि तू त्याला ‘भावुक पुनरुक्ती’ म्हणून मोकळी झालीस. हे वाचून मला राग आला. अगं, दर वेळी मोजमाप बदलतंय! आधी आत्मा पोचेल तितकी खोली, रुंदी, उंची. लगेच पुढे रोजच्या दिवसाच्या अगदी मुक्या गरजेइतकं, उन्हात आणि मेणबत्तीच्या उजेडात. मग माणसं न्यायासाठी झगडतात तितक्या मोकळेपणाने. स्तुतीकडे पाठ फिरवतात तितक्या निर्मळपणे. ‘स्त्रीचं प्रेम भावनाप्रधान, पुरुषाचं तर्कनिष्ठ’ हे तुझं वाक्य या सातव्या-आठव्या ओळींपुढे धर आणि टिकतं का ते तूच सांग.

चरित्राशी माझं वैर नाही. दहाव्या ओळीत जुनी दुःखं येतात, बाराव्यात हरवलेले संत. तिथे १८४० मध्ये टॉर्कीच्या समुद्रात बुडालेला तिचा भाऊ आठवला, तर जरूर लिही. ओळीने बोलावलं की चरित्र यावं. फ्लशला कुठल्याच ओळीने बोलावलेलं नाही.

मी हे इतकं लावून धरते, कारण माझा प्रबंध याच भांडणात राहिला. मार्गदर्शकांना कवींचं आयुष्य आणि कालखंड हवा होता, मला ओळी. मी प्रकरणं बदलली नाहीत. पीएच.डी. झाली नाही याची हळहळ आहे, बढतीच्या वेळी ती फार बोचली. पण वर्गात मी कधी नोट्स उतरवून दिल्या नाहीत. ‘मॅडम परीक्षेचं काही देत नाहीत’ अशा तक्रारी वर जायच्या. मी म्हणायचे, कविता मोठ्याने वाच आणि दाखव, नेमकं कुठे? आजही तेच म्हणेन. ज्यांना मी असं छळलं त्यांतल्या कितीतरी जणांना ही दोन्ही सुनीतं अजून पाठ आहेत. नोट्स कुणाच्या पाठ राहिल्यात?

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेराव्या ओळीत आहे. दोन्ही सुनीतांत तिथेच ‘जर’ येतो. शेक्सपिअर म्हणतो, हे जर चूक ठरलं आणि माझ्यावर शाबीत झालं, तर मी कधी लिहिलंच नाही आणि कुणी कधी प्रेम केलंच नाही. हे आव्हान आहे. शेवटच्या दोन ओळींचं यमक जुळलेलं द्विपद त्याच्या हाताशी आहे, त्यात तो स्वतःचं सगळं लेखन पणाला लावतो. तिच्याकडे असं द्विपद नाही. तिच्या शेवटच्या सहा ओळींची यमकं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे वाक्य पुढे वाहत जातं. तिचा ‘जर’ म्हणतो, देवाच्या मनात असेल तर मरणानंतर मी तुझ्यावर आणखी प्रेम करीन. त्याचं प्रेम प्रलयाच्या कडेपर्यंत तसंच राहतं. तिचं वाढतं, पण परवानगी मागून. दोघांनाही ‘अमर’ म्हटलंस की हा सगळा फरक पुसला जातो.

इथून लिहायला घे. विम्पोल स्ट्रीटचा भाग काढून टाक, तरुण मित्राचं पानही काढ, आणि नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. प्रत्येक विधानाशेजारी ओळीचा क्रमांक हवा.

तुझी,
मॅडम