वीस-पंचवीस हजारांचा फोन पुरेल का?

कोल्हापुरात रोजच्या वापरासाठी वीस-पंचवीस हजारांचा फोन पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरतो. मात्र कॅमेऱ्याच्या मोठ्या आकड्यांवर भाळून तो घेऊ नये. या किमतीत १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणारा) अमोलेड डिस्प्ले आणि ५००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी सहज मिळते, त्यामुळे सामान्य वापरात दिवस निभावतो. उणीव जाणवते ती अंधार पडल्यावर: रंकाळ्यावर दिवे लागल्यानंतर मुख्य कॅमेरा, त्यात ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर, बरा फोटो देतो, पण ८ मेगापिक्सेलचा वाइड कॅमेरा लगेच गढूळ होतो आणि २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीचा) तर बहुधा कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यापुरताच असतो. आपल्याकडचा पाऊस पाहता आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) अवश्य तपासावे. पाण्याच्या बाबतीत आयपी ५४ केवळ शिंतोड्यांपासून वाचवते, तर आयपी ६७ असलेला फोन १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग धरतो, तेही गोड्या पाण्यात. भर पावसात दुचाकीने पन्हाळ्याला जाणाऱ्याने या फरकासाठी हजार-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही. स्टोरेज यूएफएस या वेगवान प्रकारचे आहे का आणि अपडेट किती वर्षे मिळणार, हेही दुकानात विचारून घ्यावे.