कडाक्याच्या थंडीत लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा सराव कसा करावा?

थंडीत सराव थांबवण्याचे कारण नाही. मात्र पहिली १५ ते २० मिनिटे हलक्या गिअरवर, वेगाचा विचार न करता सायकल चालवावी आणि साप्ताहिक अंतर हळूहळूच वाढवावे. माझ्या मते खरा प्रश्न थंडीपेक्षा घामाचा असतो, कारण चढावर भिजलेले कपडे उतारावरच्या वाऱ्यात शरीरातील उष्णता झपाट्याने ओढून घेतात. म्हणून सुती कपडे टाळून आत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट घालावे. निघताना किंचित थंडी वाजली, तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. गुडघे व बोटे झाकावीत. थंडीत तहान कमी जाणवते, तरीही ठरावीक वेळाने पाणी प्यावे. रस्त्यावर बर्फ साचला असल्यास घरातच ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येईल अशा स्टँडवर) सराव करावा.