वाचकांचे प्रश्न : बाहुलीच्या नाकाला लावलेली दोरी

प्रश्न : मी नागपुरात मानेवाडा भागातील एका बालवाडीत शिकवते. कोरोनामुळे दोन वर्षे बंद असलेला वर्ग यंदा, म्हणजे २०२२ च्या जूनअखेरीस, पुन्हा भरू लागला. २२ मुलांपैकी निम्मी दारातच रडतात. चार वर्षांची एक मुलगी रोज बाहुलीच्या नाकाला दोरी लावून ‘ऑक्सिजन लावला’ म्हणते. हा खेळ थांबवावा का? पाच वर्षांच्या एका मुलाचे आजोबा गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वारले, पण ‘ते गावाला गेलेत’ असे घरच्यांनी त्याला सांगितले आहे, आणि ते कधी येणार हे तो मला विचारतो. संस्थाचालकांना मात्र दिवाळीपर्यंत सगळी मुळाक्षरे आणि शंभरपर्यंतचे अंक हवे आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी एक हिशेब करून पाहा. आज चार वर्षांचे असलेले मूल २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली तेव्हा पावणेदोन वर्षांचे होते. परकी माणसे, बरोबरीची मुले, आईला सोडून थोडा वेळ दुसऱ्यापाशी राहणे, हे सारे ज्या वयात हळूहळू अंगवळणी पडते, नेमके तेच वय त्याने बंद दाराआड काढले. आणि मार्च २०२१ मध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा मोठ्यांचे घाबरलेले चेहरेही त्याने जवळून पाहिले. त्यामुळे दारातले रडणे हा हट्ट नाही आणि ती आपल्या शिकवण्यातली उणीवही नाही.

पहिला महिना मुळाक्षरे बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे काही दिवस आई, बाबा किंवा आजी यांपैकी कुणाला तरी वर्गात बसू द्यावे आणि तो वेळ रोज थोडा थोडा कमी करावा. मूल खेळात रमले की हळूच निसटून जाण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती बंद करायला सांगा, कारण एकदा फसलेले मूल दुसऱ्या दिवशी खेळात रमतच नाही, दाराकडे डोळे लावून बसते. ‘साडेअकराला येते’ या शब्दांना त्याच्या लेखी अर्थ नसतो. ‘तुझा डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी येते’ हे मात्र त्याला कळते. म्हणूनच दिवसाचा क्रम बदलू नये, आणि दारात त्याला घ्यायला रोज एकच ताई असावी. आपण मास्क लावत असाल तर अंगणात, थोड्या अंतरावर उभे राहून तो काढा आणि मुलांना आपला चेहरा एकदा नीट पाहू द्या.

बाहुलीचा खेळ थांबवू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असे आपले सारे शहर ओरडते. मोठ्यांनाही भीती वेशीबाहेर घालवायला असे काहीतरी लागते, मग चार वर्षांच्या मुलीला का लागू नये? फक्त खेळ पुढे सरकतो आहे का, हे पाहा. बाहुली कधी बरी होते, घरी जाते, जेवते, असे होऊ लागले तर काळजीचे कारण नाही. तोच खेळ कित्येक आठवडे जसाच्या तसा, हसू न येता चालला, तर जवळ बसून ‘आता डॉक्टर काय करतील?’ एवढेच विचारा. त्याबरोबर झोप मोडणे, जेवण सुटणे किंवा येत असलेले बोलणे कमी होणे, यांपैकी काही दिसले तर पालकांना मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात मुलीला दाखवायला सांगा.

आजोबांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्याचे उत्तर आपण परस्पर देऊ नये. आई-वडिलांना बोलावून सांगा की गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून हा मुलगा वाट पाहतो आहे. ‘झोपले’ हेही म्हणू नये. त्याने मुलाला झोपेचीच भीती बसते. ‘आजोबा वारले, त्यांचे शरीर चालायचे थांबले, ते आता येणार नाहीत’ हे शब्द कठोर वाटले तरी मुलाला पेलतात. तो पुन्हा पुन्हा विचारील, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच असावे. तोवर आपण खोटे बोलू नये. ‘तुला आजोबांची आठवण येते ना? ते काय काय करायचे, मला सांग’ असे म्हणता येईल.

संस्थाचालकांना सांगा की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिक्षणच सांगते. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांच्या महाराष्ट्रात हे पटवून द्यावे लागते, याचे नवल वाटते. साबण लावताना २० पर्यंत सावकाश मोजायला लावा. हातही धुतले जातात आणि अंकही होतात.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या नातवाला बालवाडीत दिवसभर मास्क लावायला लावतात. तो ओला करून घरी आणतो. हे योग्य आहे का? (एक आजी, इतवारी)

उत्तर : नाही. पाच वर्षे आणि त्याखालील मुलांना मास्कची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते, आणि केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचा जून २०२१ चा सल्लाही तसाच आहे. ओला मास्क तर लावूच नये. त्याऐवजी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा, खेळ अंगणात घ्या आणि सर्दी-ताप असलेल्या मुलाला घरी ठेवा, असा आग्रह पालकांनी मिळून धरावा.