हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स

प्रश्न : माझ्या वडिलांचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे आणि दुकानाचे सर्व हिशेब घरातील एकमेव संगणकावर टॅलीमध्ये ठेवलेले आहेत. संगणकात विंडोज १० असून रॅम ४ जीबी आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला लिनक्स ही विंडोजसारखी संगणक प्रणाली शिकायची आहे. परंतु पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) करताना एका मित्राची हार्ड डिस्क पुसली गेल्यामुळे वडील मला संगणकाला हात लावू देत नाहीत. पार्टिशन न बदलता लिनक्स वापरून पाहता येईल का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नक्कीच येईल, आणि वडिलांची काळजी अगदी रास्त आहे. म्हणून काहीही करण्यापूर्वी टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह वडिलांच्या हवाली करा.

तुमच्यासाठी सर्वांत योग्य मार्ग लाइव्ह पेनड्राइव्हचा, म्हणजे संगणकात काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवण्याचा आहे. लिनक्स मिंट किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) उतरवून घ्यावी आणि रूफस या मोफत प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी. ४ जीबी रॅमच्या संगणकावर उबंटूपेक्षा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मी सुचवीन, कारण ती हलकी आहे. तिच्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रूफस पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसून टाकतो, त्यामुळे बॅकअपचा पेनड्राइव्ह चुकूनही यासाठी वापरू नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एवढी मोठी फाइल उतरवताना ती अर्धवट किंवा बिघडलेली येऊ शकते. म्हणून उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ हा लांबलचक आकडा (फाइलची ओळखखूण) काढून तो संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.

पुढे संगणक सुरू होताना बूट मेनूची (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबायची असते. ती संगणकागणिक वेगळी असते. बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी असते. त्या मेनूतून पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स पेनड्राइव्हवरून रॅममध्ये येऊन चालू लागते आणि तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही. मध्येच लाईट गेली, तर त्या वेळी केलेले काम जाईल, पण विंडोज आणि हिशेब जसेच्या तसे राहतील.

दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पहिले म्हणजे मिंटच्या डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असे चिन्ह दिसते. त्याला स्पर्शही करू नका, कारण मित्राचा झालेला घोटाळा बहुधा अशाच एखाद्या चिन्हापासून सुरू होतो. दुसरे म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये तुमची हार्ड डिस्कही दिसते आणि ती उघडून त्यातील फाइली पुसता येतात. पाहायला हरकत नाही, पण टॅलीच्या फोल्डरपासून दूर राहा. सिक्युअर बूट (अनधिकृत प्रणाली सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद करण्याची घाई करू नका. मिंट आणि उबंटू सहसा ते चालू असतानाही सुरू होतात, आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर ही सेटिंग बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकते.

लाइव्ह पेनड्राइव्हच्या मार्गावर माझा विशेष भर आहे, कारण लिनक्स तुमच्या खऱ्या यंत्रावर कसे चालेल हे केवळ तोच सांगतो. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, पावत्या छापणारा प्रिंटर ओळखला जातो का, हे सर्व एका बैठकीत तपासता येते. वायफाय चालले नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू करा. त्यासाठी बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पेनड्राइव्हवरून सारे थोडे संथ चालते, त्यावरून लिनक्सच संथ आहे असा निष्कर्ष काढू नये.

व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामने विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवता येते आणि ८ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर ती सोय उत्तम आहे. तुमच्या ४ जीबीत मात्र दोन्ही प्रणालींची ओढाताण होईल. केवळ कमांड आणि सी भाषेचे प्रोग्राम शिकायचे असतील, तर मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विंडोज १० मध्येच आणलेली डब्ल्यूएसएल ही विंडोजमधूनच लिनक्सच्या कमांड चालवण्याची सोय पुरेशी आहे, फक्त तिच्यातून लिनक्सच्या डेस्कटॉपची ओळख होत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (नियमित सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी टॅली थेट लिनक्सवर चालत नसल्याने दुकानासाठी विंडोज ठेवावेच लागेल, हे वडिलांनाही सांगा.

प्रश्न : मी पेनड्राइव्हवरून उबंटू चालवतो, पण संगणक बंद केला की साठवलेल्या फाइली आणि मराठी कळफलकाची मांडणी नाहीशी होते. उपाय काय? (एक शिक्षक, वसमत)

उत्तर : हा दोष नाही, लाइव्ह पद्धतीचा स्वभावच तसा आहे, सर्व बदल रॅममध्ये राहतात. रूफसने उबंटूचा पेनड्राइव्ह पुन्हा तयार करताना ‘पर्सिस्टंट पार्टिशन’ची (बदल टिकवून ठेवणाऱ्या भागाची) पट्टी सरकवून काही जीबी जागा राखून ठेवा, म्हणजे फाइली आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक पुढच्या वेळीही जागेवर सापडतील. हे पार्टिशन पेनड्राइव्हवरच होते, संगणकाच्या डिस्कवर नव्हे. मात्र लिहिणे चालू असताना वीज गेल्यास ही जागा बिघडू शकते. म्हणून प्रश्नपत्रिकांसारख्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी.

रोजच वापरायचे असेल, तर बाह्य एसएसडीवर (केबलने जोडायच्या वेगवान डिस्कवर) उबंटू रीतसर बसवणे अधिक टिकाऊ ठरते. त्या वेळी संगणकातील हार्ड डिस्कची केबल जाणकाराकडून काढून घ्यावी, कारण इन्स्टॉलर कधी कधी बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आतील डिस्कवरच लिहून ठेवतो, आणि मग एसएसडी काढल्यावर विंडोज सुरू होण्यात अडचण येऊ शकते.