स्प्लिटबोर्डसाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: वय 31. पवईत नोकरी, मुलुंडला भाड्याचं घर, आई माझ्यावर अवलंबून. हातात पगार 1,10,000, घरखर्च 62,000, एसआयपी 25,000. अडीअडचणीसाठी 2,50,000ची एफडी आहे. तीन हिवाळे गुलमर्गला स्नोबोर्डिंग केलं, सहलीचा खर्च बोनसमधून निघतो. आता वर्षातले पाच दिवस स्वतः चढून मोकळ्या उतारांवर जायचंय. ड्युटी धरून यादी अशी: स्प्लिटबोर्ड (चढताना उभे दोन भाग करून स्कीसारखा वापरायचा स्नोबोर्ड) 78,000, बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायची जोडणी) 42,000, स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून बोर्डाखाली चिकटवायच्या पट्ट्या) 20,000, क्रॅम्पॉन (कडक बर्फासाठी बाइंडिंगला लावायचे दाते) 11,000, काठ्या 9,000, बूट 32,000, बीकन-फावडं-प्रोब (बर्फात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र, खणायचं फावडं, चाचपायची लांब काठी) 45,000. एकूण 2,37,000. तिकडे बोर्डाचा सेट रोज 3,500 भाड्याने मिळतो. एफडी मोडू, की 12 महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ?

उत्तर: दोन्ही नको. एफडी मोडलीत तर हातात 13,000 उरतात, म्हणजे आठवड्याचाही घरखर्च नाही. ईएमआय बसतो महिना 19,750चा. तुमची शिल्लक 23,000. वर्षभर महिन्याला सव्वातीन हजारांवर तगायचं, तेही आई घरात असताना? शिवाय ‘नो-कॉस्ट’ हे नावापुरतंच. रोखीवर मिळाली असती ती सूट जाते, व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही.

यादीतले बूट आधी खोडा. स्प्लिटबोर्डच्या पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये तुमचे नेहमीचे सॉफ्ट बूट चालतात. टाच घट्ट बसत असेल आणि तळव्याला पकड असेल तर सध्या नवे नकोत. 32,000 वाचले.

आता बोर्ड, बाइंडिंग, स्किन, क्रॅम्पॉन आणि काठ्या मिळून 1,60,000. पाच दिवसांचं भाडं 17,500. भाड्यातून ही रक्कम फिटायला नऊ हंगाम जातील. चार वर्षांनी सेट 60,000ला विकला गेला असं धरलं, तरी उरलेल्या लाखाला पावणेसहा हंगाम लागतात, आणि तोवर सेट तुमच्याकडे राहिलेलाच नाही. वर्षाला 15 दिवस जायला लागलात तर भाडं 52,500 होतं आणि हिशेब तीन वर्षांत जमतो. दोन हंगाम सलग तेवढे दिवस भरले की खरेदीचा विचार करा. मुंबईत बर्फ गोळेवाल्याकडेच भेटतो, त्यामुळे दिवस ठरवून काढावे लागतात, आपोआप वाढत नाहीत.

45,000चा सुरक्षा संच मात्र स्वतःचाच हवा, आणि सगळ्यात आधी. फेब्रुवारी 2023मध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही, सोबतचेच खणतात. म्हणून बीकन तुमच्याकडे असून भागत नाही, जोडीदाराकडेही हवा. तीन अँटेनांचा, 457 किलोहर्ट्झचा डिजिटल घ्या, जुना अॅनालॉग फुकट मिळाला तरी नको. फावड्याचं पातं धातूचं, प्रोब किमान 240 सेंटिमीटर. सराव मुलुंडच्या मैदानातही होतो. एकाने आपला बीकन पिशवीत घालून लपवायचा, दुसऱ्याने शोधायचा. शोधताना मोबाइल बीकनपासून अर्धा मीटर तरी लांब. हंगाम संपला की बॅटरी काढून ठेवा, नाहीतर आपल्या दमट हवेत टर्मिनल गंजतात.

पैशांची सोय अशी. जुलै ते डिसेंबर 13,000ची आरडी, म्हणजे 78,000 आणि वर थोडं व्याज. त्यातून 45,000 संचाला, 17,500 भाड्याला. उरलेले 15,500 हिमस्खलन सुरक्षेच्या कोर्ससाठी. तुमच्या यादीत तो नव्हताच, आणि मला सगळ्यात खटकलं ते हेच. शिलकीतले उरलेले 10,000 दरमहा एफडीत टाका. सहा महिन्यांचा खर्च 3,72,000 होतो. 1,22,000 कमी आहेत, ते साधारण वर्षभरात भरतील. एसआयपीला हात लावू नका.

पुढे घ्यायची वेळ आली तर वापरलेला बोर्ड चालेल. दोन्ही भागांच्या मधल्या कडा, टोकांचे हुक आणि पकच्या (बाइंडिंग ज्यावर बसतं त्या चकत्यांच्या) स्क्रूची भोकं नीट पाहा. भोक सैल असेल तर सोडून द्या. बाइंडिंग त्याच पकवर बसतं का आणि क्रॅम्पॉन त्याच बाइंडिंगचे आहेत का, हे पैसे देण्याआधी जोडून बघा. स्किन नवीच घ्या. जुनी स्किन दुसऱ्याच्या बोर्डाच्या मापाने कापलेली असते. नवी कापताना दोन्ही बाजूंची स्टीलची कड दोनेक मिलिमीटर उघडी राहिली पाहिजे, नाहीतर कडक बर्फात कड रुतत नाही आणि तुम्ही आडवे घसरता. पावसाळ्यात बोर्डाला मेणाचा जाड थर देऊन तो कडांवरही ओढा. स्किन माळ्यावर टाकू नका, तिथल्या उकाड्यात गोंद बिघडतो.

विम्याकडे तुम्ही पाहिलेलंच नाही. प्रवास विम्यात आखलेल्या मार्गांबाहेरचं स्नोबोर्डिंग बहुधा वगळलेलं असतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम इस्पितळाचं बिल देईल, डोंगरावरून खाली आणण्याचं बहुधा नाही. आई अवलंबून आहे म्हणजे टर्म पॉलिसी लागणारच. तिच्या अर्जात धोकादायक छंद विचारलेला असतो, तिथे स्नोबोर्डिंग लिहा. प्रीमियम वाढू शकतो, पण लपवलंत तर क्लेमच्या वेळी आईला उत्तरं देत बसावं लागेल. पॉलिसी आधीच असेल तर विमा कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या, हंगामाची तिकिटं काढण्याआधी.