कंपासची सुई कुठे टोचायची?

प्रश्न : ताई, मी सावंतवाडीत लाकडी डब्या आणि तबकं करतो. गेल्या वर्षी ३०१८ जातीचं छोटं सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञांवर लाकूड कोरणारं मशीन) घेतलं. सरळ रेघा छान येतात. पण ८० बाय ५० मिमीच्या झाकणावर गोल कोपऱ्यांची चौकट कोरायला गेलो, तर पहिल्याच कोपऱ्याला ‘एरर ३३’ येऊन मशीन थांबलं. कोपऱ्याची त्रिज्या १०. कमानीची ओळ अशी लिहिली : जी३ एक्स ८० वाय १० आय ७० जे १०, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने कमान काढत एक्स ८०, वाय १० ला जा. आय-जे म्हणजे केंद्रच ना? शिवाय झाकणात ४० मिमी व्यासाचं गोल पॉकेट (खोलगट खण) घ्यायचंय, तिथे केंद्राऐवजी त्रिज्या म्हणून ‘आर २०’ लिहिलं तरी तीच एरर. चुकतंय कुठे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : केंद्र तुम्ही बरोबर काढलंत, पण मोजलंत चुकीच्या जागेवरून.

भोसरीच्या टूलरूममध्ये मी प्रोग्रॅमर म्हणून नवीन लागले, तेव्हा माझीही हीच गफलत व्हायची. एक दिवस आमच्या फोरमनकाकांनी ड्रॉइंग बाजूला सारलं, मला कंपास आणायला लावला आणि म्हणाले, “पेन्सिल आधी कागदावर टेकव. आता पेन्सिल उचलायची नाही. सुई कुठे टोचायची ते पेन्सिलीपासून मोजून सांग.” आय आणि जे म्हणजे एवढंच. पेन्सिल म्हणजे आत्ता उभा असलेला कटर. त्याच्यापासून केंद्र एक्सच्या दिशेने किती लांब, ते आय. वायच्या दिशेने किती लांब, ते जे. झाकणाच्या कोपऱ्यातल्या शून्याशी त्यांचा काही संबंध नाही.

तुमच्या ओळीला हे लावून बघा. खालची कड कोरून कटर एक्स ७०, वाय ० वर आलाय. केंद्र आहे एक्स ७०, वाय १० वर. म्हणजे कटरपासून आडवं अंतर शून्य आणि वरच्या दिशेने १०. ओळ हवी : जी३ एक्स ८० वाय १० आय ० जे १०. (इथे छपाईसाठी अक्षरं देवनागरीत आहेत, मशीनला ती इंग्रजीतच द्यायची.)

तुम्ही आय ७० लिहिलंत, तेव्हा मशीनने सुई ७० अधिक ७०, म्हणजे एक्स १४० वर टोचली. तिथून कटर ७०.७१ मिमी लांब, आणि जिथे पोचायचं तो बिंदू ६० मिमी लांब. दोन्ही टोकं एका वर्तुळावर बसेनात, म्हणून मशीन थांबलं. एरर ३३ म्हणजे ‘सांगितलेली कमान काढता येणार नाही’. त्यावर चिडू नका. या एररने तुमचं झाकण वाचवलंय.

उरलेले तीन कोपरे याच पद्धतीने स्वतः काढा आणि मग ताडून बघा. उजवी कड चढून कटर एक्स ८०, वाय ४० वर : आय -१०, जे ०. वरची कड संपवून एक्स १०, वाय ५० वर : आय ०, जे -१०. डावी कड उतरून एक्स ०, वाय १० वर : आय १०, जे ०. चारही कोपरे सारखे असूनही चारही वेळा आकडे वेगळे, कारण पेन्सिल दर वेळी वेगळ्या बाजूला उभी आहे. काही प्रणालींत केंद्र मूळ शून्यापासून देण्याचीही सोय असते, आणि तसे नमुने तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. तुमच्या बोर्डावरचं जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, मात्र फक्त कटरपासूनचं अंतर ओळखतं.

आता पॉकेट. पूर्ण वर्तुळाला आर चालतच नाही. जिथून निघायचं तिथेच परत यायचं असेल, तर त्या एका बिंदूतून २० त्रिज्येची हवी तितकी वर्तुळं जातात. नेमकं कुठलं, हे मशीनला कसं कळणार? अर्ध्याहून मोठ्या कमानीला तर आर उणे द्यावा लागतो, आणि अर्ध्या वर्तुळाच्या आसपास आकड्यात केसभर फरक पडला तरी केंद्र बरंच सरकतं. मी हाताने लिहिताना आर वापरायचं कधीच सोडून दिलंय.

आणखी एक गोष्ट. चौकट व्ही-बिटने (टोकदार कटरने) रेघेवरूनच कोरायची, तिथे कटरची जाडी मध्ये येत नाही. पॉकेटला येते. मोठ्या मशीनवर जी४१, जी४२ लिहिलं की कंट्रोलर कटरची त्रिज्या स्वतः वजा करतो. जीआरबीएलमध्ये ती सोय नाही, वजाबाकी आपणच करायची. ३ मिमीचा एन्ड मिल (सपाट टोकाचा कटर) असेल तर २० वजा १.५, म्हणजे कटरच्या मध्याची वाट १८.५ त्रिज्येची. झाकणाचा मध्य एक्स ४०, वाय २५ धरला तर कटर एक्स ५८.५, वाय २५ वर आणा आणि लिहा : जी३ एक्स ५८.५ वाय २५ आय -१८.५ जे ०. त्याच ओळीत खोलीचा आकडा, झेड -०.५, जोडलात, तर कटर सरळ लाकडात न घुसता स्क्रूच्या आट्यासारखा फिरत फिरत अर्धा मिमी खाली उतरेल. तळ सपाट करायला त्यानंतर तीच फेरी झेड न बदलता एकदा घ्या. मधलं लाकूड आधी काढून घ्यायचं असतं : केंद्रापासून सुरुवात करून त्रिज्या एक-एक मिमीने वाढवत बाहेर या. आतल्या कडेला जी३च ठेवा. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे या दिशेने कड बहुधा साफ निघते.

लाकूड लावण्याआधी स्पिंडलला बॉलपेन बांधून कागदावर सगळं एकदा काढून बघा. मी आजही हे केल्याशिवाय जॉब लावत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत दारावरच्या मराठी पाट्या करून देते. अक्षरांचा कोड माझ्याच छोट्या पायथन प्रोग्रॅममधून निघतो, पण तो सगळ्या वळणांचे बारीक सरळ तुकडे करतो. मशीन अडखळत चालतं आणि ‘ळ’ खडबडीत येतो. त्याऐवजी कमानीच्या आज्ञा, जी२ (घड्याळाच्या दिशेने) आणि जी३ (उलट दिशेने), वापरल्याने फरक पडेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पडेल, आणि मराठी पाट्यांना तर नक्कीच. आपल्या लिपीत काना आणि शिरोरेषा सोडली तर सरळ असं फारसं आहेच काय?

खरं तर जीआरबीएलसुद्धा कमान सरळ तुकड्यांनीच कापतं. तुकडा खऱ्या वर्तुळापासून किती हटला तर चालेल, ते डॉलर १२ या सेटिंगमध्ये असतं, आणि मुळात ते ०.००२ मिमी असतं. २० मिमी त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचे त्या हिशोबाने २२२ तुकडे होतात. पण ते बोर्डाच्या आत होतात. तुमच्या पद्धतीत त्या २२२ ओळी यूएसबीच्या तारेतून जातात, आणि बोर्डाकडे येणारी अक्षरं साठवायला जागा आहे फक्त १२८ अक्षरांची. पुढची ओळ वेळेत पोचली नाही, की कटर क्षणभर थबकतो. तो थबकतो तिथेच लाकडावर ठिपका उठतो.

प्रोग्रॅममध्ये कमानीचा बिंदू काढायचा तर केंद्राच्या एक्समध्ये त्रिज्या गुणिले कोसाइन मिळवायची आणि वायमध्ये त्रिज्या गुणिले साइन. पायथनला कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये लागतो. आकडे तीन दशांशांपर्यंत ठेवा. दोनच ठेवले तर बारीक वळणांना दोन्ही टोकांच्या त्रिज्यांत ०.००५ मिमीहून जास्त फरक पडू शकतो, आणि मग एरर ३३. आय-जे काढताना वजाबाकी मूळ लांबलचक आकड्यातून नव्हे, छापलेल्या आकड्यातून करा. मशीनला तेवढाच आकडा माहीत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भावाच्या घराच्या पाटीला मी शिरोरेषा किंचित कमानदार घेतली होती, १२० मिमी त्रिज्येची. रेषेच्या शेवटी प्रोग्रॅमने एक चिमुकला तुकडा उरवला, ०.०००३ मिमीचा. तीन दशांशांत छापताना त्याची सुरुवात आणि शेवट एकच झाले. आय-जे असलेल्या ओळीत दोन्ही टोकं एक असली की मशीनच्या लेखी ते पूर्ण वर्तुळ! शिरोरेषा संपल्यावर कटर वर उचलण्याऐवजी तसाच पुढे गेला, सागवानावरून, क्लॅम्पच्या कडेवरून, आणि शेवटी गॅन्ट्री (कटर धरणारा सांगाडा) फ्रेमला टेकून मोटर कडकडायला लागली. मी धावत जाऊन स्विच बंद केला. ती पाटी अजून माझ्या टेबलासमोर टांगलेली आहे, नावाखालून निघालेल्या त्या लांब चरीसकट. म्हणून प्रत्येक कमान छापण्याआधी तपासा : पूर्ण वर्तुळ नको असताना छापलेली दोन्ही टोकं सारखी असतील, तर ती ओळ गाळून टाका. दोन ओळींचं काम आहे, आजच करा.

प्रश्न : गोल पॉकेटच्या भिंतीवर १२, ३, ६ आणि ९ वाजण्याच्या जागी बारीक खाच येते. कोड तर बरोबर आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोड खरंच बरोबर आहे, मशीन सरकवणाऱ्या स्क्रूच्या नटमध्ये ढिलाई आहे. ३ आणि ९ च्या जागी एक्स उलटा फिरतो, १२ आणि ६ ला वाय. उलटताना स्क्रू आधी नटातली ढिलाई भरून काढतो आणि मगच बेड हलतो. तुमच्याकडे चारही खाचा आहेत, म्हणजे दोन्ही नट बघायला हवेत. बेडला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) लावा, एकाच दिशेने येऊन काटा शून्यावर घ्या, त्याच दिशेने १ मिमी पुढे जा आणि १ मिमी मागे या. काटा शून्यावर न येता जेवढा अडकेल तेवढी ढिलाई. जीआरबीएल ती भरून काढत नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. स्प्रिंगवाला पितळी नट बसवा, तोच गोल पुन्हा कापा आणि भिंतीवरून नख फिरवून बघा.