फर्निचरसह फ्लॅट भाड्याने घेताना

प्रश्न : माझ्या मुलीने नोकरीनिमित्त पुण्यात कोथरूडला फर्निचरसह वन बीएचके फ्लॅट पाहिला आहे. भाडे दरमहा २४,००० रुपये, अनामत ७५,००० रुपये. करार अकरा महिन्यांचाच असल्याने स्टॅम्पपेपरवर नोटरी केली तरी चालते, असे मालक म्हणतात. हे बरोबर आहे का? सामानाबाबत काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ नोटरीवर थांबू नका. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, म्हणजे तुमच्यासारखाच), मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ही जबाबदारी मालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क ७०० रुपयांच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० रुपये येईल. एजंटचे पैसे वेगळे.

खरे वाद होतात ते सामानावरून. माझ्या भाच्याच्या अनामतीतून गादीवरच्या डागापोटी पैसे कापले गेले. डाग आधीचाच होता, पण तसे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून सामानाची यादी करारालाच परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. त्यात ‘फ्रिज १, पलंग १’ एवढ्यावर भागत नाही. ‘फ्रिज, दोन दारांचा, खालच्या दाराचे रबर सैल’, ‘सिंकखालच्या कपाटाचे प्लाय पाण्याने फुगलेले’ अशी प्रत्येक वस्तूची आजची अवस्था लिहा. गीझर, वॉशिंग मशीन समोर चालवून पाहा आणि त्याच दिवशी काढलेले फोटो मालकांना ईमेलने पाठवा. वापराने होणारी नेहमीची झीज अनामतीतून कापली जाणार नाही आणि यंत्र जुनेपणामुळे बिघडल्यास दुरुस्ती मालक करतील, ही दोन वाक्ये करारात आग्रहाने घालून घ्या.

मुदत संपल्यावर नवा करार न करता राहणे मात्र टाळावे, कारण याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मालक भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतात. घर सोडताना तीच यादी हातात घेऊन मालकांसोबत खोल्याखोल्यांतून फिरावे, तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात आणि किल्ली देतानाच अनामत परत मिळेल, अशी अट आधीच ठरवून ठेवावी.